तुम्ही विचारलंत म्हणून: ‘कोलॅजन ४ पॉझिटिव्ह’ म्हणजे वाईट का?

बायोप्सीच्या रिपोर्टात खाली एक तक्ता असतो. त्यात ‘कोलॅजन ४ : पॉझिटिव्ह’ अशी ओळ दिसली की नातेवाईक हमखास विचारतात, “मॅडम, पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे कॅन्सर का?”

नाही हो. कोलॅजन हे शरीरातलं एक प्रथिन; त्याचा हा चौथा प्रकार तुमच्यात आहे, माझ्यातही आहे. त्वचेच्या, ग्रंथींच्या, रक्तवाहिन्यांच्या पेशी ज्या पातळ थरावर बसलेल्या असतात, त्या बेसमेंट मेम्ब्रेनचा ते मुख्य घटक. कंडरांमधलं कोलॅजन तंतू बनवतं. टाइप ४ च्या रेणूंची टोकं एकमेकांना जोडली जाऊन जाळं तयार होतं. हा थर इतका बारीक की नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर बहुतेक जागी नजरेला पडतच नाही. म्हणून स्लाइडवर अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच धरणारा रेणू, घालतात. ती कोलॅजन ४ ला नेमकी चिकटते, पुढच्या रसायनांनी तिथे तपकिरी रंग उमटतो, आणि थर कुठून कुठे गेलाय ते रेघेसारखं दिसतं. म्हणजे ‘आहे की नाही’ हा प्रश्न इथे क्वचितच असतो. रेघ कुठे आहे आणि सलग आहे का, एवढंच आम्ही पॅथॉलॉजिस्ट बघतो.

ते बघण्याआधी एक भानगड असते. फॉर्मालिनमध्ये ठेवलेल्या तुकड्यात हे कोलॅजन अँटिबॉडीच्या हाती सहजी लागत नाही, म्हणून सेक्शनवर (तुकड्याच्या पातळ कापावर) आधी बहुधा पेप्सिन किंवा प्रोटिनेज के ही प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स घालतात. वेळ कमी पडला तर रेघ तुटक येते, जास्त झाला तर सेक्शनच काचेवरून सुटायला लागतं. आता गंमत बघा: तुटलेली रेघ हीच आमच्या कामाची खूण, आणि पेप्सिन कमी पडलं तरी रेघ तुटकच! म्हणून गाठीकडे वळण्याआधी मी त्याच स्लाइडवरच्या केशवाहिन्या बघते. त्यांच्याभोवती स्वच्छ तपकिरी कडं नसेल तर त्या स्लाइडवरून मत द्यायचं नाही, पुन्हा लावायला सांगायचं.

स्तनाच्या गाठीत ही रेघ कधीकधी मोलाची ठरते. मायक्रोग्लँड्युलर अडिनोसिस नावाची निरुपद्रवी गाठ कॅन्सरसारखी दिसते. तिच्या ग्रंथींना बाहेरचा मायोएपिथेलियल पेशींचा थरच नसतो, त्यामुळे तो थर शोधणाऱ्या नेहमीच्या चाचण्या फसवतात. पण प्रत्येक ग्रंथीभोवती बेसमेंट मेम्ब्रेन शाबूत असतं. एरवी मात्र केवळ या रेघेवर विसंबून ‘पसरलेला नाही’ असं मी लिहिणार नाही, कारण काही पसरणारे कॅन्सरही स्वतःभोवती असा थर तयार करतात.

माझ्या मते ही अँटिबॉडी खरी चमकते ती फोडांच्या आजारात. एपिडर्मोलिसिस बुलोसा असलेल्या बाळाच्या त्वचेला जरा घासलं तरी फोड येतात. कातडी नेमक्या कुठल्या पातळीवर सुटतेय, त्यावर आजाराचा प्रकार ठरतो. यासाठी ताजा फोड निवडायचा, गोठवलेल्या सेक्शनवर फ्लोरेसन्ट रंग लावायचा, आणि कोलॅजन ४ ची रेघ फोडाच्या छताला चिकटून वर गेलीय की खाली तळाशी राहिलीय ते पाहायचं. छताला असेल तर त्वचा बेसमेंट मेम्ब्रेनच्या खालून सुटलीय. हा डिस्ट्रॉफिक प्रकार, त्यात कोलॅजन ७ मध्ये दोष असतो. तळाला असेल तर सिम्प्लेक्स किंवा जंक्शनल, आणि त्या दोघांतला फरक करायला दुसऱ्या अँटिबॉडी लागतात. दोन्हीकडे कोलॅजन ४ ‘पॉझिटिव्ह’च. आईवडिलांना सांगायच्या गोष्टी मात्र पार वेगळ्या.

आणि कधीकधी निगेटिव्ह येणं हीच वाईट बातमी असते. १९२७ साली सेसिल अल्पोर्ट यांनी एका ब्रिटिश कुटुंबातला किडनीचा आणि बहिरेपणाचा आनुवंशिक आजार नोंदवला. टाइप ४ कोलॅजनच्या साखळ्या सहा प्रकारच्या असतात, अल्फा १ ते अल्फा ६; त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अल्पोर्ट आजारात अल्फा ३, ४ किंवा ५ बिघडते. अल्फा १ आणि २ शाबूत असल्याने त्यांना ओळखणारी अँटिबॉडी लावली तर अल्पोर्टची किडनीही छान रंगते. तिथे अल्फा ५ ची वेगळी अँटिबॉडी हवी. एक्स गुणसूत्रावरचा दोष असलेल्या मुलाच्या त्वचेत ती रेघ बहुधा नसतेच, त्यामुळे काही वेळा त्वचेच्या छोट्याशा तुकड्यावर निदान होतं आणि किडनीला सुई टोचावी लागत नाही. त्वचेत अल्फा ५ दिसली म्हणून अल्पोर्ट नाही असं मात्र समजू नका. दोष अल्फा ३ किंवा ४ मध्ये असेल तर त्वचा अगदी नॉर्मल दिसते. तिथे किडनीची बायोप्सी किंवा जनुकांची तपासणी केल्याशिवाय गत्यंतर नाही.