टाकीतील खडकांची फेरमांडणी

माझ्या 40 लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतील खडक हलवण्याचे मी बरेच महिने टाळले. कारण जिवंत खडक ही केवळ सजावट नसून, विषारी अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू त्याच्या सच्छिद्र पृष्ठभागावर वसलेले असतात. म्हणून सगळे खडक एकदम न बदलता मी एकच जुना खडक काढला आणि नवा कोरडा खडक उरलेल्यांना खेटून ठेवला, म्हणजे त्यावरही जिवाणू हळूहळू पसरतील. तळाचा खडक वाळूवर न ठेवता थेट काचेवर टेकवला. वाळू उकरणारा गोबी मासा एरवी अख्खा डोलारा पाडू शकतो. उठलेला गाळ नळीने ओढून घेतला, तरी प्रवाळांनी दोन दिवस अंग चोरलेच.