एमआरआय नॉर्मल, म्हणून अडलेली फाइल

धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याचं दिव्यांग प्रमाणपत्र एकदाचं मिळालं. ऑनलाइन अर्ज, आधार, फोटो हे सगळं गावातच पटकन उरकलं. अडलं ते जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या एका टेबलावर.

तिथल्या साहेबांनी फाइल चाळली, संभाजीनगरला काढलेल्या एमआरआयचा रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "यात तर मेंदू नॉर्मल लिहिलाय. मग आजार काहून म्हणता?" मी जुन्या चिठ्ठ्या पुढे केल्या. त्यांनी बघितल्यासुद्धा नाहीत. "ज्यात आजार दिसतो तसा एमआरआय आणा." भाऊ शेजारी उभा, चपलेच्या अंगठ्यातून बोट काढतोय, घालतोय. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. इकडे सोयाबीन काढणीला आलेलं, मजूर मिळेनात, आणि आम्ही दवाखान्याच्या बाकड्यावर.

तसा एमआरआय कुठंच निघत नाही, हे आमच्या मानसोपचार डॉक्टरांनी मला आधीच नीट समजावलं होतं. एमआरआय काढतात तो गाठ, रक्तस्राव असं दुसरं काही नाही ना, हे बघायला. नॉर्मल आला तर बरंच. स्किझोफ्रेनियाचं निदान होतं ते भास, संशय, विस्कळीत बोलणं आणि ते किती काळ टिकलं यावरून.

म्हणून मेंदूत काहीच फरक नसतो, असंही नाही. मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोचवणाऱ्या तंतूंच्या जुड्या असतात, त्याला श्वेतद्रव्य म्हणतात. मोटारीच्या वायरीवर रबर असतं तसं या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं. डीटीआय नावाच्या स्कॅनमध्ये या जुड्यांतलं पाणी कोणत्या दिशेनं सरकतं ते मोजतात. एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटानं 1963 रुग्ण आणि 2359 निरोगी माणसांचे असे स्कॅन एकत्र तपासून 2018 मध्ये निष्कर्ष मांडले. रुग्णांत हे सरकणं मेंदूच्या बहुतेक भागांत थोडं कमी एकदिशी निघालं. मेंदूचे दोन्ही अर्धे जोडणारा कॉर्पस कॅलोसम हा पट्टा त्यात ठळक. पण ही हजारोंची सरासरी. एकट्या माणसाचा स्कॅन बघून हा आजारी, हा धडधाकट, असं ठरवता येत नाही. बिघाड मायलिनचाच आहे, हेही त्या आकड्यावरून कळत नाही.

हे सगळं मी त्या टेबलापुढं सांगून पाहिलं. उपयोग शून्य! शेवटी म्हटलं, "नाही म्हणता ना, मग कारण लेखी द्या." फाइल त्याच दुपारी आत गेली.

आत मात्र मानसोपचार तज्ज्ञ मॅडम शांतपणे बोलल्या. मानसिक आजारामुळं आलेलं दिव्यांगत्व मोजायची आयडियाज नावाची मोजपट्टी असते. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, शिवाय आजार किती जुना त्याचे वेगळे. त्यात एमआरआयला गुणच नाहीत! गुणांवरून दिव्यांगत्व 40 टक्के भरलं की सवलतींचा रस्ता मोकळा.

म्हणून सर्वांत जुनी चिठ्ठी आधी शोधा, आजाराचं वय दाखवायला ती कामी येते. एमआरआय फाइलीत तळाशी ठेवा. आणि घरातलं जो त्याच्यासोबत राहतो त्यालाच न्या. आंघोळीला किती हाका माराव्या लागतात, ते आमच्या आईनं सांगितलं. मला ते आलंच नसतं.