माळकरी आईला घेऊन व्हिएतनाममध्ये जेवताना

आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मांस, मासे, अंडं यातलं काही तिने जन्मात खाल्लेलं नाही. 2025 च्या फेब्रुवारीत तिला व्हिएतनामला न्यायचं ठरवलं, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने एकच सल्ला दिला: दशम्या, भडंग, चटण्या, सगळं भरून ने, तिकडे तुम्हाला काही मिळायचं नाही. थोडं नेलंही. पण दहा दिवस दशमी-चटणीवर काढायची माझी तयारी नव्हती. परक्या गावाला जायचं आणि तिथल्या चुलीवरचं काही चाखायचंच नाही, हे मला पटत नाही. आईलाही पटत नाही. ती सासवडबाहेर कुठेही गेली की आधी भाजीबाजार बघते.

हनोईत पहिल्याच सकाळी माझ्याकडून चूक झाली. बारीक पाऊस, कडाक्याची थंडी, आणि फुटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून लोक गरम फो खात होते. फो म्हणजे तांदळाच्या रुंद शेवया, वरून ओतलेलं सार आणि पालेभाजी. चक्रीफूल, दालचिनी, भाजलेलं आलं यांचा वास अगदी ओळखीचा. मी मांसाच्या तुकड्यांकडे बोट दाखवून हातानेच 'नको' म्हटलं. दुकानातल्या बाईंनी मान डोलावली आणि बिनमांसाचे दोन वाडगे पुढे ठेवले. आईने दोन चमचे घेतले, तिसरा वर उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"अगं, हे त्यातलंच पाणी आहे."

बरोबर होतं तिचं. फोचं सार म्हणजे तासन्‌तास उकळलेल्या हाडांचंच पाणी. वरचे तुकडे काढले म्हणून ते शाकाहारी होत नाही. हे मी निघण्याआधी वाचायला हवं होतं. आई मला एक शब्द बोलली नाही. रात्री माळ हातात धरून बराच वेळ खिडकीपाशी बसून राहिली. ते दोन चमचे मला अजून बोचतात.

दुसऱ्या दिवशी माघी एकादशी. आईचा कडक उपवास, आणि गंमत अशी की सगळ्या प्रवासातला सर्वांत सोपा दिवस तोच ठरला. हनोईत थंडीत कोपऱ्याकोपऱ्यावर कोळशाच्या शेगडीवर रताळी भाजतात. साल काढलं की आत पिवळाधमक, मऊ गर. जोडीला केळी, ड्रॅगनफ्रूट, उकडलेले शेंगदाणे. उपवासाला काहीच अडलं नाही, सगळी अडचण रोजच्या जेवणाची होती.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाला मी सगळं सांगितलं. त्याने आधी आईच्या गळ्याकडे पाहिलं आणि लगेच म्हणाला, "चाय." चहा आणतोय असं मला वाटलं. पण 'चाय' हा तिथला शाकाहाराचा शब्द, बौद्ध विहारांतून आलेला. व्हिएतनाममधले भिक्षू महायान परंपरेतले, त्यांना मांस वर्ज्य. थायलंडमध्ये भिक्षापात्रात पडेल ते भिक्षू खातात, इथे तसं चालत नाही. विहारातल्या कडक स्वयंपाकात तर कांदा-लसूणही नसतो. आई हे ऐकून म्हणाली, "म्हणजे यांचा बारा महिने चातुर्मास."

त्या मुलाने माझ्याकडून शब्द घोटून घेतला. 'तोय आन चाय', मी शाकाहारी जेवते. 'चाय' अगदी सपाट सुरात म्हणायचं. सूर वर चढला की त्याचा अर्थ होतो जळणं, खाली दाबून तोडला की पळणं. मग एका चिठ्ठीवर त्याने त्यांच्या खुणांच्या रोमन लिपीत लिहून दिलं: मांस नको, मासे नकोत, अंडं नको, नुओक माम नको. हा नुओक माम म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेला पातळ रस, आणि आमचा खरा अडथळा तोच होता. तिकडे तो आपल्याकडच्या मिठासारखा पडतो. नाळीची भाजी लसणावर परततात, रंगाने इतकी हिरवीगार आणि साधी की शंकाच येऊ नये, पण त्यात हा रस नाहीतर कालवांचा सॉस असतो. तळलेलं टोफू शेवयांबरोबर मिळतं, त्याच्या शेजारच्या वाटीत आंबवलेल्या कोळंबीची जांभळट चटणी. सोय सेओ नावाचा पिवळा चिकट भात मिळतो, वर मुगाचा लगदा, आणि शेवटी एक चमचा पातळ केलेली चरबी. त्यापेक्षा शेंगदाणे घातलेला चिकट भात बरा. त्यावर तीळ, शेंगदाणे आणि मीठ कुटून घालतात. आईने तो चाखला आणि म्हणाली, "मिरची विसरलेत, बाकी आपलीच चटणी."

चिठ्ठी हातात आल्यावर पाट्या दिसायला लागल्या. सी, एच, ए, वाय ही चार अक्षरं शोधायची, बऱ्याचदा हिरव्या रंगात असतात. 'कम चाय' म्हणजे शाकाहारी भात. अशा एका जागी दहा-बारा भाज्या परातीत मांडून ठेवलेल्या, भातावर हवं ते वाढून घ्यायचं. टोमॅटोच्या रश्शातलं टोफू, मिठात मुरलेला कोबी, अळंबी. आईने आनंदाने ताट पुढे केलं आणि तिचा हात मध्येच थांबला. परातीत कोळंबी होती. वाकडी, शेपटीशी लाल, अंगावर नारिंगी पट्टे. मी फोनवर भाषांतर करून विचारलं, तर सोया आणि कंदाच्या पिठाची निघाली. मांसासारखे दिसणारे पदार्थ चाय स्वयंपाकात फार प्रिय आहेत. मी आईला समजावलं, शुद्ध आहे. तिने मान हलवली, पण ते घेतलं नाही. मीही आग्रह सोडला. जे डोळ्यांना पटत नाही ते तिच्या घशाखाली उतरत नाही, आणि माळ तिची आहे.

तिथून रात्रीच्या गाडीने ह्वेला निघालो. जवळजवळ 690 किलोमीटर, तेरा-चौदा तासांचा प्रवास. ह्वे ही न्गुयेन राजघराण्याची 1802 ते 1945 पर्यंतची राजधानी, आणि विहारांचं गाव. पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, 12 तारखेला, आईने सकाळीच सांगितलं, "आज माघी पौर्णिमा." मी सहज हॉटेलातल्या बाईंना विचारलं, तर त्यांचे डोळेच चमकले. तिकडे चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक शाकाहारी जेवतात. त्यातही वर्षाच्या पहिल्या महिन्याची पौर्णिमा सर्वांत मोठी. वर्षभर केलेली बुद्धपूजाही या एका दिवसाच्या बरोबरीची नाही, अशी त्यांची म्हण आहे. त्यांचं नवीन वर्ष, तेत, 29 जानेवारीला सुरू झालं होतं. पंधरावा दिवस तोच. आईची तिथी आणि त्यांची तिथी एकच निघाली.

त्या दिवशी चिठ्ठी पर्समधून काढावीच लागली नाही. डोंग बा बाजाराच्या वाटेवर गाड्यागाड्यावर 'चाय'च्या पाट्या लटकत होत्या. एरवी गोमांसाचा बुन, म्हणजे सारातल्या गोल शेवया, विकणाऱ्या एका गाड्यावरही त्या दिवशी फक्त चाय होतं. सारात गवती चहा आणि अननस, वर लालसर तेलाचा तवंग, टोफू, अळंबी, जाड गोल शेवया, आणि बाजूला बारीक चिरलेलं केळफूल. आईने केळफुलाची एक कातळी बोटात धरून उजेडात पाहिली. काळी पडू नये म्हणून यांनी लिंबाच्या पाण्यात ठेवलं असणार, म्हणाली. सार आधी हुंगलं. मग वाडगा तोंडाला लावून संपवला. तीस हजार डोंग, म्हणजे आपले शंभरेक रुपये.

शेजारच्या गाड्यावर कोवळ्या फणसाची भाजी होती, उकडून, धागे सोडवून, शेंगदाणे आणि पाला घालून कालवलेली. एरवी तीत कोळंबी आणि डुकराचं मांस असतं, त्या दिवशी अळंबी होती. तीळ लावलेल्या तांदळाच्या कुरकुरीत पापडाच्या तुकड्याने ती उचलून खायची. आपली कुयरीच, फक्त ओलं खोबरं नाही आणि फोडणी नाही. आईने तीन पापड संपवले आणि मला म्हणाली, "विचार त्यांना, फणस किती कोवळा घेतात." त्या बाईंनी तळहाताएवढं माप दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पुन्हा त्याच बुनच्या गाड्याकडे निघाली. तिथे हाडांचं पातेलं चढलेलं होतं. बाईंनी आम्हाला लांबूनच ओळखलं, दोन्ही हात हलवून 'नको, नको' केलं, झारा खाली ठेवून बाहेर आल्या आणि समोरच्या गल्लीतल्या हिरव्या पाटीकडे बोट दाखवलं.