गोण्यांचं काम आणि रॉडचा व्यायाम : १२ आठवड्यांची नोंद

ही नोंद वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातल्या एका माथाडी गड्याची. वजन ६४ किलो, व्यायामशाळेत नवा. पहाटे गाडी लागली की दुपारपर्यंत ५०-५५ किलोच्या गोण्या गाडीच्या फाळक्यावरून पाठीवर, पाठीवरून थप्पीवर. अशा माणसाला व्यायामशाळेत दोनच सल्ले मिळतात. एक, तुला कशाला रे व्यायाम? दुसरा, रोज शंभर जोर आणि दोनशे बैठका मार. दुसरा सल्ला जास्त वाईट, कारण तो दिवसभराच्या कामावर त्याच जातीचं आणखी काम लादतो. गोणीचं वजन वर्षानुवर्षं तेवढंच राहतं, वाढतात त्या फेऱ्या. त्यातून दम वाढतो. ताकद वाढायला वजन वाढावं लागतं आणि फेऱ्या कमी व्हाव्या लागतात.

शिवाय या कामात काही हालचाली जवळजवळ नसतातच. गोणी फाळक्याच्या उंचीवरूनच पाठीवर येते, जमिनीवरून क्वचित. खाली ठेवताना खांदा वळवून सोडून देतात, सावकाश उतरवत नाहीत. हात डोक्यावर ताठ जात नाहीत. व्यायाम या राहून गेलेल्या हालचालींचाच घेतला. चालणं, वजन वाहणं, पोटऱ्या, यांना हात लावला नाही.

आठवड्यात दोन वार, प्रत्येकी ३५-४० मिनिटं. जड वार बाजार बंद असतो त्याच्या आदल्या दुपारी, हलका मधल्या वारी. पहाटे कामाआधी डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून ताठ उभं राहणं) अजिबात नाही: रात्रभर आडवं राहून मणक्यातल्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात, उठल्यावर पहिला तासभर वाकून उचलणं त्यांना जास्त बाधतं. काम सुटल्यावर अर्धा-पाऊण तास बसायचं, दोन केळी आणि मूठभर फुटाणे खायचे, मग रॉड.

जड वार : डेडलिफ्ट ५ चे ३ सेट (सलग ५ वेळा, मग विश्रांती, असं तीनदा), जोर ८ चे ३ (शंभर नव्हे), डंबेल रोइंग (वाकून डंबेल कंबरेकडे ओढणं) एकेका हाताने ८ चे ३.
हलका वार : डंबेल छातीशी धरून स्क्वॉट ८ चे ३, शोल्डर प्रेस (रॉड खांद्यापासून डोक्यावर नेणं) ६ चे ३, पुलअप मिळून १२, बाजूवरचा प्लँक (कुशीवर कोपर टेकून अंग ताठ धरणं) दोन्हीकडे २५ सेकंद.
डेडलिफ्टच्या सेटमध्ये अडीच-तीन मिनिटं विश्रांती, बाकी ठिकाणी दीड.

सुरुवातीलाच सामान काट्यावर घालून घ्या. गल्लीतल्या शाळेत २० किलोचा म्हणून दिलेला रॉड इथे १५ भरला. बाजारातल्या तोलणाराला असल्या गोष्टीचं आश्चर्य वाटत नाही. खालचे सगळे आकडे काट्यावरचे आहेत. दुसरी अडचण प्लेटांची. मोठ्या प्लेटेचा व्यास ४५ सेंमी असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंमीवर, नडगीच्या मध्यावर येतो. १० किलोच्या लोखंडी प्लेटा लहान, रॉड पार घोट्याशी जातो आणि कंबर गोल झाल्याशिवाय हात पोचत नाही. प्लेटांखाली दोन्हीकडे लाकडी ठोकळे किंवा रबरी मॅटचे तुकडे रचून उंची भरून काढली. एका बाजूला एक तुकडा जास्त झाला तर रॉड तिरका उचलला जातो, ते बघा.

आठवडा १. डेडलिफ्ट ४० किलो, सगळ्याचे दोनच सेट. पाठीवर ५५ घेऊन चालणाऱ्याला ४० पोरखेळ वाटतो, पण वजन तीन मोजून सावकाश खाली आणायचं होतं आणि ते स्नायूंना नवं होतं. अंगदुखी दुसऱ्या दिवशीपेक्षा तिसऱ्या दिवशी जास्त चढते. तीन सेट मारले असते तर ती दुखी घेऊन गाडी खाली करावी लागली असती.

आठवडा २ ते ४. तिसरा सेट धरला, डेडलिफ्ट दर आठवड्याला ५ किलोने, ५५ पर्यंत. चूक ठरलेली दिसली: पाठ गोल, मान खाली. गोणी टेकवायला गोल पाठच लागते, सवय तिथली. उपाय काठीचा. काठी पाठीवर उभी धरायची, डोक्याचा मागचा भाग, खांद्यांच्या मधोमध आणि माकडहाड अशा तीन जागी टेकलेली. एकही जागा न सुटता ढुंगण मागे ढकलत वाकायचं. रोज रॉडआधी १० वेळा. दुसरी दुरुस्ती, प्रत्येक रेपला, म्हणजे एकेका उचलीला, रॉड खाली पूर्ण टेकवून, श्वास नव्याने भरून मगच उचलायचा. आपटून उसळीवर उचललेला रेप मोजायचा नाही.

आठवडा ५ व ६. ६० किलोवर अडकलं. कंबर-मांड्यांत जोर शिल्लक, मूठ सुटते. सकाळभर गोण्या ओढायचा हूक धरून बोटं आधीच थकलेली, त्यात आश्चर्य काही नाही. मुठीचा वेगळा व्यायाम दिला असता तर कोपराचं दुखणं मागे लागलं असतं. पहिला सेट मोकळ्या हाताने, उरलेले दोन मनगटाच्या पट्ट्यांनी. सातव्यात ६०, आठव्यात ६५ नीट आले.

प्रेसचं दुखणं वेगळं. रॉड डोक्यावर नेताना दंड कानाशी येईना, म्हणून कंबरेतून मागे वाकून वजन वर जात होतं. असं चालू दिलं की महिन्याभरात कंबर बोलते. एक गुडघा जमिनीवर टेकवून, त्याच बाजूचं ढुंगण आवळून प्रेस करायला लावला. कंबरेला वाकायला वावच राहत नाही. २० किलोपासून सुरुवात. अडीच अडीचच्या प्लेटा लावल्या की उडी एकदम ५ किलोची, आणि सव्वा किलोच्या प्लेटा शाळेत नसतातच. मग रेप वाढवले: ६ चे ३, ७ चे ३, ८ चे ३, त्यानंतर २५ किलोवर खाली ५ रेपवर.

आठवडा ९ व १०. आवक वाढली, काम संध्याकाळपर्यंत लांबलं. बहुतेकांचा व्यायाम इथे कायमचा सुटतो. वजन तेच ठेवून वार एक, सेट दोन, एवढं केलं तर ताकद टिकते. वजन कमी करून सेट जास्त मारण्याचा उलटा मार्ग अशा आठवड्यात घेऊ नका, थकवा तेवढा वाढतो. वहीत वजनाशेजारी झोपेचे तास आणि गोण्यांचा अंदाजही लिहायचा. झोप सहा तासांखाली गेली त्या वारी वजन वाढवलं नाही.

खाणं. ६४ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १०० ग्रॅम प्रथिनं धरली. भाकरी-डाळ-भात पोटभर खाऊन निम्म्याच्या आसपास येतात. उरलेली स्वस्तात: ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स २५ ग्रॅम, चार अंडी २४, मूठभर शेंगदाणे ६-७. डब्याच्या पैशात शाळेतल्या पावडरीपेक्षा हे कितीतरी बसतं.

कंबर जड वाटणं, स्नायू ठणकणं ठीक. कळ ढुंगणातून पायाच्या पंजापर्यंत उतरली, अंगठा वर उचलेना किंवा पाय बधिर झाला, तर रॉड बंद आणि डॉक्टरकडे. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी इस्पितळ.

आठवडा १२ अखेर : डेडलिफ्ट ४० वरून ७५, ५ चे ३ सेट. स्क्वॉटचं डंबेल साडेबारावरून साडेबावीस. प्रेस २५ चे ६. रोइंग १५ वरून २०. पुलअप मिळून २०, पण शेवटचे चार अजून झटका देऊनच, ते पुढच्या वेळी मोजणार नाही. पुढे डेडलिफ्टची वाढ दर पंधरवड्याला ५ किलो, मनगटाच्या पट्ट्या फक्त शेवटच्या सेटला.