विष्णूचा नातू विष्णू

आमच्या गावच्या घरी एक लाल कापडी बांधणीची वही आहे, गणपतीत सगळे जमले की ती निघतेच. आजोबांच्या हातची वंशावळ. मूळ पुरुष पानाच्या डाव्या कडेला, त्याच्या खाली बोटभर आत सरकवून त्याची मुलं, त्यांच्या आत त्यांची मुलं, असं करत करत आठव्या पिढीपर्यंत नावं उजव्या कडेला जाऊन धडकलीयत आणि शेवटची दोन-तीन तर समासात उभी लिहिलीयत. वाचायला बसलं की तिसऱ्या पानावर हमखास गोंधळ होतो, हा हरी नक्की कोणाचा म्हणून पुन्हा दोन पानं मागे.

तर यंदा मी म्हटलं, हे सगळं टाइप करून याचं मस्त झाडाचं चित्र काढू. एका पिढीला एक टॅब, म्हणजे ओळ एक पाऊल आत, बास. ग्राफव्हिझ म्हणून एक फुकट प्रोग्राम आहे, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एटी अँड टी या अमेरिकन फोन कंपनीच्या बेल लॅब्जमध्ये सुरू झालेला, त्याला फक्त 'अमुक कडून तमुक' असे बाण लिहून द्यायचे, चौकटी कुठे ठेवायच्या ते तो बघतो. टॅबांवरून बाण बनवायची पाच-पंधरा ओळींची स्क्रिप्टही जमली. तत्त्व सोपंय, ओळ वरच्यापेक्षा आत असेल तर वरचा तो बाप, नसेल तर वर वर जात ज्याचा एक टॅब कमी तो पहिला जो भेटेल तो बाप. एका ठिकाणी माझ्याकडून टॅबऐवजी स्पेस पडल्या आणि आमचे धाकटे काका थेट पणजोबांचे भाऊ झाले, ते चालायचंच.

पहिलं चित्र आलं त्यात नावांच्या जागी नुसते चौकोनी डबे. देवनागरी फाँटचं नाव दिलं, नावं आली. आणि मग बघतो तर एक बाण खालून उलटा वर चाललाय! आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला, ही पद्धत. विष्णूचा मुलगा हरी, हरीचा मुलगा पुन्हा विष्णू. ग्राफव्हिझच्या लेखी एक नाव म्हणजे एक माणूस, त्यामुळे हरी हा विष्णूचा मुलगाही आणि बापही. आजी असती तर म्हणाली असती, बरोबरच आहे की, तेच परत आलेत.

यावर उपाय म्हणजे प्रत्येकाला आकडा द्यायचा आणि नाव नुसतं पाटीवर. जमिनीला गट नंबर असतो तसं.

पण त्या भानगडीत एक गोष्ट दिसली ती वहीत कधी दिसली नव्हती. आजोबांनी मुलग्यांची नावं लिहिलीयत आणि मुलींसाठी शेवटी एक ओळ, 'कन्या २', 'कन्या ३'. आकडे द्यायच्या आधीच्या त्या चित्रात 'कन्या २' अशी एकच चौकट होती आणि तिच्याकडे नऊ घरांतून नऊ बाण येत होते. नऊ बापांची एक लेक, तीही नावाशिवाय. मी आधी हसलो आणि मग मोठ्या आत्याला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "अरे, त्या दोनातली मी कितवी ते तरी बघ." मग पुढचे दोन तास तिने तोंडपाठ नावं सांगितली, माहेरची, सासरी बदललेली, कोण कुठे दिली, कोण बाळंतपणात गेली. नऊ घरांतल्या अठरा जणींपैकी चौदा सापडल्या. उरलेल्या चौघींच्या चौकटी मी रिकाम्याच ठेवल्यात.

दत्तकाचा घोळ वेगळाच. धाकट्याचा मुलगा थोरल्याला दत्तक, म्हणजे एका चौकटीला वरून दोन बाण, म्हणजे हिशोबाने ते झाड उरलंच नाही. एक रेघ तुटक ठेवली. कुठली तुटक, जन्माची की दत्तकाची, यावर ओसरीवर इतकी चर्चा झाली की चहा दोनदा झाला.

१९८१ मध्ये रेनगोल्ड आणि टिलफर्ड या दोन संगणकतज्ज्ञांनी असं झाड नीटनेटकं कसं काढावं याची पद्धत लिहिली होती, तिच्यात एक नियम असा की आईबाप मुलांच्या बरोब्बर मध्यावर. कागदावर छान दिसतं. आमच्याकडे तरी कुठलेच आईबाप मध्यावर नव्हते, सगळे धाकट्याकडे झुकलेले.

मुली आल्यावर चित्र एवढं रुंद झालं की प्रिंट म्हणजे कापडाची पट्टी. शेवटी वरून खाली ऐवजी डावीकडून उजवीकडे केलं, एका शब्दाचा बदल. आणि मग लांबून बघितलं तर काय, मूळ पुरुष डाव्या कडेला आणि पिढ्या एकेक पाऊल आत सरकत उजवीकडे. एवढी उठाठेव करून आजोबांचीच वही, फक्त रेघा मारलेली.

सहा फुटी फ्लेक्स करायला तालुक्याला गेलो तर दुकानवाल्याने फाइल उघडून विचारलं, वाढदिवस कोणाचा, फोटो कुठे टाकू? ओसरीवर लावला तेव्हा आत्याने बोट फिरवत स्वतःला शोधलं, नाक मुरडलं आणि चष्मा पुसायला गेली. काका मात्र अजून रागावलेत. चौकट नावाच्या लांबीप्रमाणे होते, हे त्यांना पटत नाही, दामोदरची एवढी मोठी आणि माझीच एवढीशी का?