युरो ट्रकचं बिऱ्हाड नव्या डिस्कवर

गुरुवार, रात्र

कॉम्प्युटर गेममध्ये पॅरिसच्या बाहेर टोलनाक्यावर उभा होतो, मागे वीस टन माल. फाटक उघडलं, ट्रक हलला आणि चित्र गोठलं. कॅबिनेटमधून टक्... टक्... असा आवाज. चारपाच सेकंदांनी गाडी परत चालू लागली, पण तोवर मी दुभाजकावर चढलेलो. आधी ग्राफिक्स कार्डाला शिव्या घातल्या, मग साताऱ्याच्या उकाड्याला. पण आवाज डी ड्राइव्हमधूनच येत होता. २०१६ साली घेतलेली एक टीबीची हार्ड डिस्क. युरो ट्रक सिम्युलेटर २ (हाच तो ट्रक चालवायचा गेम), ईए क्रिकेट ०७, कॉलेजचे प्रोजेक्ट, सगळं तिच्याच डोक्यावर.

डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं तर पिवळ्या पाटीत ‘कॉशन’. ०५ क्रमांकाच्या ओळीत शून्य, सी५ च्या ओळीत १८. ०५ म्हणजे डिस्कने बाद करून बदली दिलेले सेक्टर (साठवणीचे बारीक कप्पे). सी५ म्हणजे वाचता येईनात म्हणून बाजूला थांबवून ठेवलेले. पैकी दुसरा आकडा जास्त छळतो, कारण त्या जागेवर तुमची एखादी फाइल अजून बसलेली असते. अठराच आहेत म्हणून जरा हायसं वाटलं, आणि मग आठवलं की हा प्रोग्रॅम हे आकडे सोळाच्या पाढ्यात दाखवतो. तिथले १८ म्हणजे एक सोळा आणि वर आठ, आपले २४.

झोपायच्या आधी सेव्ह आणि फोटो तेवढे पेन ड्राइव्हवर काढून घेतले.

शुक्रवार

दुकानात एम डॉट टू, म्हणजे थेट बोर्डावरच्या खाचेत बसणारी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) दाखवत होते. माझा बोर्ड एच८१ चिपसेटचा, चौथ्या पिढीचा आय५ असलेला, त्यावर ती खाचच नाही. त्यामुळे साधी अडीच इंची, केबलने जोडायची साटा एसएसडी, एक टीबी. घेण्याआधी आपला बोर्ड बघून जा, नाहीतर दुकानात दोन चकरा होतात. (माझ्या झाल्या.)

शनिवार, सकाळ

कॅबिनेट इतकं जुनं की त्यात अडीच इंचाची जागाच नाही. दुहेरी चिकटपट्टीने एसएसडी तळाला चिकटवली. आत फिरणारं काही नसल्यामुळे ती उलटी, आडवी, लटकती कशीही चालते. मशीन चालू केलं आणि माय कॉम्प्युटरमध्ये काहीच नाही. नवखे इथे घाबरतात. नव्या डिस्कवर पार्टिशन नसतं म्हणून ती दिसत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइझ, जीपीटी, मग नवीन व्हॉल्यूम, एनटीएफएस, अक्षर ई. दोन मिनिटांचं काम. एनटीएफएसऐवजी एक्सफॅट (फाइली मांडायची दुसरी पद्धत) मात्र करू नका, का ते पुढे येईल.

बाबा मागे चहा घेऊन उभे होते. स्क्रीनवर ९३१ जीबी बघून म्हणाले, “एक हजारचे पैसे दिलेस ना? मग ६९ कुठे गेले?” त्यांना सांगितलं की कंपनीचा एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट, आणि विंडोज त्याला १०००ने नाही तर १०२४ने तीनदा भागतं. “म्हणजे मापात फरक,” म्हणाले आणि गेले. किराणा दुकान चालवलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

शनिवार, दुपार ते रात्र

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, गेमचं नसतं. गेम एका फोल्डरात राहतो असं आपण धरून चालतो. युरो ट्रकचं माझ्या मशीनवर चार ठिकाणी बस्तान होतं. मूळ फाइली डी वरच्या स्टीमअ‍ॅप्समधल्या कॉमनमध्ये (स्टीम म्हणजे गेम विकणारा आणि सांभाळणारा प्रोग्रॅम). स्टीमच्याच वर्कशॉपमधून घेतलेले मॉड (खेळणाऱ्यांनी बनवलेल्या जोडण्या) शेजारच्या वर्कशॉप फोल्डरात, २२७३०० या नंबराखाली (हा स्टीममधला या गेमचा नंबर). हाताने टाकलेले मॉड सी वरच्या डॉक्युमेंट्समध्ये. आणि माझं क्लाउडवालं प्रोफाइल खुद्द स्टीमच्या यूजरडेटामध्ये. कॉपी करणं सोपं, ही यादी करणं अवघड. मी यादी केली नाही, त्याचं फळ पुढे मिळालं.

पहिला प्रयत्न सरळ मार्गाने. स्टीम, सेटिंग्ज, स्टोरेज, ई ड्राइव्ह जोडला, गेमवर टिचकी, मूव्ह. डिस्क धडधाकट असेल तर तुम्हाला एवढंच करायचं आहे, उरलेला मजकूर वाचायचीही गरज नाही. स्टीम वर्कशॉपचं सामानही आपणहून नेतं. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरने हा गेम २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये काढला आणि तेव्हापासून ते त्याला नकाशे जोडतच आहेत. माझ्याकडे स्कँडिनेव्हिया, फ्रान्स, इटली, बाल्टिक, आयबेरिया धरून ३४ जीबी झालेत. पण ते सगळं थोड्याशाच मोठमोठ्या एससीएस फाइलींमध्ये बांधलेलं असतं, त्यामुळे म्हातारी हार्ड डिस्कसुद्धा सेकंदाला शंभरेक एमबीने पळते. हिशोबाने सहा मिनिटं.

चौथ्या मिनिटाला टक् टक् सुरू. वेग शंभरावरून दोनवर, मग शून्यावर. बऱ्याच वेळाने स्टीमने हात टेकले, अमुक फाइल हलवता आली नाही म्हणून. गेम डी वर होता तसाच राहिला, ई वर अर्धवट पसारा. तो पुसला.

दुसरा प्रयत्न रोबोकॉपीने. विंडोजमध्येच असतं, कमांड प्रॉम्प्टमधून चालतं. कुठून, कुठे आणि स्लॅश ई (आतल्या फोल्डरांसकट), एवढं देऊन जेवायला गेलो. आलो तर तिथेच अडकलेलं. झोपून उठलो तरी तिथेच! वाचलं तेव्हा कळलं की वाचता न आलेल्या फाइलीसाठी रोबोकॉपी दर तीस सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतं, आणि असे प्रयत्न किती, तर दहा लाख. म्हणजे जवळजवळ साडेअकरा महिने. आर आणि डब्ल्यू या दोन पर्यायांना १ देऊन परत चालवलं की एकदा चुकलं, एक सेकंद थांबलं, पुढे गेलं. आणि एमआयआर नावाचा पर्याय समजल्याशिवाय लावू नका. मूळ जागी जे नाही ते तो नव्या जागेवरूनही पुसतो.

रविवार

रोबोकॉपीच्या शेवटच्या तक्त्यात ‘फेल्ड’खाली एकच फाइल. आयबेरियाची. म्हणजे सगळी स्पेन-पोर्तुगालची मोहीम त्या चोवीस सेक्टरांवर अडून बसलेली.

मूळ फाइली आल्या, पण स्टीमला ते माहीत नव्हतं. त्याच्या लेखी गेम अजून डी वरच. गेमचा पत्ता सांगणारी एक छोटी फाइल असते, अ‍ॅपमॅनिफेस्ट आणि पुढे तोच नंबर, शेवटी एसीएफ. ती कॉमनच्या आत नसते, बाहेर स्टीमअ‍ॅप्समध्ये असते. स्टीम पूर्ण बंद केलं (खिडकी मिटून चालत नाही, खाली घड्याळाजवळच्या चिन्हावरून एक्झिट), ती फाइल ई वरच्या स्टीमलायब्ररीतल्या स्टीमअ‍ॅप्समध्ये नेली, जुन्या जागेवरची उचलून बाजूला ठेवली. स्टीम उघडलं तर गेम ई वर उभा. मग प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फाइलींची तपासणी लावली. एक फाइल सापडली नाही, आणतो, असं म्हणालं आणि फक्त आयबेरिया उतरवायला घेतलं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पन्नास मिनिटं. ३४ जीबी त्याच हॉटस्पॉटवर आणायला लागले असते तर महिन्याचा डेटा गेला असता.

आता फळ. आयबेरिया संपल्यावर डाउनलोडची पट्टी थांबेना. बघतो तर वर्कशॉपचे मॉड एकेक करून परत उतरत होते. वर्कशॉपचा फोल्डर मी डी वरच विसरलो होतो! हॉटस्पॉट बंद केला, स्टीम बंद केलं, तो फोल्डर आणि त्याची अ‍ॅपवर्कशॉप नावाची एसीएफ फाइल ई वर नेली. तोवर दीड जीबी वाया.

हाताने टाकलेल्या मॉडचं दुखणं वेगळंच. सी ड्राइव्ह १२० जीबीचा, कायम लाल, त्यात डॉक्युमेंट्समधला मॉड फोल्डर २२ जीबींचा. एवीतेवी उघडून बसलोच आहोत तर तोही ई वर न्यायचा ठरवला. गेमला तो जुन्याच जागी दिसायला हवा, म्हणून जंक्शन. जंक्शन म्हणजे जुन्या घराचा दरवाजा जागच्या जागी ठेवायचा आणि आत पाऊल टाकलं की माणूस नव्या घरात. ही सोय एनटीएफएसमध्ये आहे, एक्सफॅटमध्ये नाही, म्हणून मघाशी सांगितलं.

एमकेलिंक, स्लॅश जे. पहिल्यांदा पॉवरशेलमध्ये लिहिलं, त्याने ओळखच दाखवली नाही. ही आज्ञा कमांड प्रॉम्प्टची आहे. तिथे गेलो तर म्हणे या नावाचं काही आधीच आहे. बरोबर, जुना फोल्डर तिथेच होता. कॉपी झाल्याची खात्री करून त्याचं नाव बदललं, मग चाललं. क्रम लक्षात ठेवा, आधी दरवाजाचं नाव, मग खऱ्या जागेचं. मी हा क्रम दर वेळी उलटा लिहितो. आणि जुना फोल्डर लगेच पुसायचा नाही. मी दोन दिवस ठेवला. कट-पेस्ट तर आजारी डिस्कवर करूच नये.

शेवटी प्रोफाइल. हे हलवायचं नव्हतं, फक्त जागेवर आहे ना ते बघायचं होतं. प्रोफाइल्समध्ये शिरलो तर ‘घाट’ नावाचा फोल्डर कुठेच नाही, एकच फोल्डर आणि त्याचं नाव ४७४८४१५४. पोटात गोळा आला. मग ट्यूब पेटली. हा गेम प्रोफाइलचं नाव अक्षरांच्या सोळाच्या पाढ्यातल्या आकड्यांत लिहितो. मी नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत टाकलं होतं. जी ४७, एच ४८, ए ४१, टी ५४. घाट! चार दिवसांत सोळाच्या पाढ्याने दोनदा फसवलं. पाचवीत गुरुजींना एवढं जमलं नव्हतं.

सोमवार, रात्र

मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मोजलं. ‘ड्राइव्ह’ दाबल्यापासून ट्रकच्या केबिनमध्ये बसेपर्यंत जुन्या डिस्कवर २ मिनिटं ४८ सेकंद लागायचे (हे गुरुवारच्या आधी एकदा मोजून ठेवलं होतं). आता ४४ सेकंद.

पण क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीसमोर साटा/३०० | साटा/६०० असं दिसलं. डावीकडचा आकडा सध्याचा, उजवीकडचा तिच्या कुवतीचा. म्हणजे निम्म्या वेगावर जोडली गेलेली. एच८१ वर चार साटा पोर्ट असतात, त्यातले दोनच सहा गिगाबिटचे, आणि ते दोन्ही विंडोजवाल्या एसएसडीने आणि या म्हाताऱ्या हार्ड डिस्कने अडवून ठेवले होते. केबलींची अदलाबदल केली. चाचणीत वेग २७० वरून ५२० एमबीवर गेला. आणि गेम उघडायला? ४४ ऐवजी ४१ सेकंद. तीन सेकंद! लोडिंगमध्ये एका ओळीत वाचणं कमी, इकडचं तिकडचं उचलणं जास्त, शिवाय उचललेलं सोडवायला प्रोसेसर लागतो, आणि माझा २०१४ चा. त्यामुळे एम डॉट टू खाचेत बसणारी महागातली, वेगवान एनव्हीएमई एसएसडी घेता आली नाही म्हणून मन खट्टू झालं होतं ते जरा ताळ्यावर आलं.

एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) जिथे होते तिथेच आहेत, डिस्कने ते वाढत नाहीत. पण शहरात शिरताना जी उचकी लागायची ती गेली. पॅरिसच्या त्याच टोलनाक्यावरून तीनदा गेलो, मुद्दाम.

अजून बाकी

ईए क्रिकेट ०७. रोस्टर फाइली डॉक्युमेंट्समध्ये असतात, त्यामुळे चुलतभावाने घातलेले संघ सुरक्षित आहेत. गेम मात्र डी वर, त्यात वर्षानुवर्षं टाकलेले पॅच, हजारो बारीक फाइली. गेमच्या मूळ चकतीवर ओरखडे पडून ती केव्हाच गेली, म्हणजे परत इन्स्टॉल करायची सोय नाही. आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, त्याचा पत्ता डी चाच लिहिलेला.

खरं तर सगळं सामान नव्या डिस्कवर उतरवून शेवटी तिलाच डी हे अक्षर दिलं असतं, तर ना स्टीमला काही कळलं असतं ना क्रिकेटला. हे सुचलं सोमवारी रात्री, सगळं ई वर मांडून झाल्यावर. आता ई मधून २० जीबी कापून वेगळं पार्टिशन करायचं, हार्ड डिस्क काढली की त्याला डी म्हणायचं आणि क्रिकेट त्याच नावाच्या फोल्डरात ठेवायचं. रोबोकॉपी आत्ता चालू आहे, आर १, डब्ल्यू १. सी५ आज ३० दाखवतोय. म्हणजे आपले ४८.