दोनशे चाळीस दगड आणि चार सडे

आमच्या विभागातील दोन विद्यार्थिनी यंदा प्रथमच एका विज्ञान परिषदेत पोस्टरवर आपले काम मांडणार आहेत. पोस्टरचे रंग, अक्षरांचा आकार, आलेख किती असावेत, अशा गोष्टी त्या मला विचारतात. या गोष्टींना महत्त्व आहेच. परंतु माझ्या पहिल्या पोस्टरसमोर मला जे कळले ते याहून वेगळे होते, आणि तेच त्यांना सांगावेसे वाटते.

ते पोस्टर मी बंगळूरला लावले होते. तेथे २०१० पासून ‘स्टुडंट कॉन्फरन्स ऑन कॉन्झर्वेशन सायन्स’ ही निसर्गसंवर्धनावरची विद्यार्थी परिषद भरते. केंब्रिजमध्ये २००० साली सुरू झालेल्या परिषदेची ती भगिनी परिषद. येथे बोलायचे विद्यार्थ्यांनी आणि ऐकायचे ज्येष्ठांनी, ही रीत मला फार मोलाची वाटते.

माझे काम रत्नागिरीच्या सड्यांवरचे, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारांवरचे होते. पश्चिम घाटातील ३९ स्थळे २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कासचे पठार आहे. कोकणातले समुद्राजवळचे सखल सडे मात्र त्या यादीत नाहीत. आठ महिने काळाकोरा दिसणारा हा कातळ पावसाळ्यात जिवंत होतो, आणि त्यावरच्या सुट्या दगडांखाली बेडूक, विंचू, गांडुळासारखा दिसणारा उभयचर देवगांडूळ, फुरसे हा विषारी साप असे कितीतरी जीव आसऱ्याला असतात. ज्या पांढऱ्या पट्ट्यांच्या पालीचे शास्त्रीय वर्णन १९६३ मध्ये झाले, तीही याच कातळावरची. हापूसची बाग करायची म्हणजे कातळात सुरुंगाने खड्डे घ्यायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि सुटे दगड वेचून गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालायचा. मोकळ्या सड्यावर आणि बागेच्या सड्यावर दगडांखालचे जीव सारखेच असतात का, एवढाच माझा प्रश्न होता.

दोन मोकळे आणि दोन बागांचे असे चार सडे मी निवडले आणि प्रत्येकावर साठ दगड उचलून पाहिले. दगड कसा उचलायचा हे गावातील एका काकांनी शिकवले. दगडाची पलीकडची कड धरून तो आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे खाली फुरसे असलेच तर दगड मधे आडवा राहतो. आणि पाहून झाल्यावर तो होता तसाच, त्याच बाजूने, हलक्या हाताने परत ठेवायचा. भर पावसात दोनशे चाळीस वेळा हे केल्यामुळे त्या आकड्याचा मला अभिमान होता, आणि पोस्टरवर तो ठळक अक्षरांत छापला होता.

पोस्टरसमोर आसामहून आलेली एक संशोधक विद्यार्थिनी बराच वेळ उभी राहिली. तिने विचारले, की नमुने किती घेतलेस? मी म्हणाले, दोनशे चाळीस. तिने अगदी शांतपणे म्हटले, की दगड दोनशे चाळीस आहेत हे खरे, पण बाग दगडावर लागत नाही, सड्यावर लागते. मग सडे किती?

सडे चार होते, म्हणजे बागेचे केवळ दोन. शिवाय ते दोन्ही सडे समुद्राच्या अधिक जवळ होते, म्हणजे फरक बागेचा की समुद्राचा हे सांगता आले नसते. हे तोवर मी कोणालाच सांगितले नव्हते, कारण ते सांगण्याजोगे आहे असे मलाच वाटले नव्हते. एकाच सड्यावरचे साठ दगड तोच वारा, तोच पाऊस, तोच उतार वाटून घेतात. ते साठ स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ हे नाव परिस्थितिकीतज्ज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये एका निबंधात दिले. त्यांनी तपासलेल्या १७६ प्रायोगिक अभ्यासांपैकी २७ टक्क्यांत ती आढळली होती. हा निबंध मी परीक्षेसाठी वाचला होता, तरीही माझ्या कामातली ती चूक मला दिसली नाही, आणि त्याचे दुःख मला त्या दिवशी फार झाले.

म्हणूनच पहिल्या खेपेला भाषणापेक्षा पोस्टर बरे, असे माझे मत आहे. भाषणानंतरचा प्रश्न मिनिटभरात उरकतो आणि घाबरलेला विद्यार्थी काहीतरी उत्तर देऊन सुटतो. पोस्टरसमोर सुटका नसते. विचारणाराही थांबतो, आपणही थांबतो, आणि बोलता बोलता कामातला कच्चा सांधा सापडतो. त्याच मुलीने पुढे विचारले, की दगडाखाली बेडूक दिसला नाही म्हणजे तो तेथे नव्हता, हे तू कशावरून म्हणतेस? एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन, जीव असूनही न दिसण्याची शक्यता मोजण्याची पद्धत डॅरिल मॅकेन्झी हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडली होती. मी प्रत्येक सड्यावर एकदाच गेले होते.

त्या संध्याकाळी मी पोस्टरवरचा ठळक आकडा पेनाने खोडला आणि त्याशेजारी ‘सडे : ४’ असे लिहिले. दुसऱ्या दिवशी त्या खाडाखोडीपाशीच सर्वाधिक लोक थांबले.

गावी परतल्यावर काकांना सांगितले, की दगड थोडे चालतील, पण सडे पुष्कळ हवेत, काही समुद्राजवळचे आणि काही आतले, बागेचे आणि मोकळे दोन्ही. ते अंगणातच बसले आणि एकेका सड्याचे नाव घेत बोटे मोजू लागले. कोणत्या सड्यावर कलमे कधी लागली, गडग्यासाठी दगड कोठून वेचले, कोणता सडा अजून कोणी हलवलेला नाही, हे सारे त्यांना ठाऊक होते. दोन्ही हातांची बोटे संपली तेव्हा मी वही आणायला आत गेले.